वाचलेला रुपया कुणाचा

संक्रांतीची गड्डा यात्रा भरते तेव्हा सोलापूरच्या भोवतालची ज्वारी हुरड्यात असते. पुढं महिना-दीड महिन्यात ती काढली जाते, कणसं खुडून मळणी होते आणि फाल्गुनाच्या सुमाराला नवी ज्वारी बाजारात येते. मग शहरात घरोघरी एकच विषय निघतो. यंदा किती भरायची? एक पोतं की दोन? मंगळवेढ्याची घ्यायची की बार्शीकडची? कोठीच्या तळाला मागची किती उरलीय? वर्षाची ज्वारी एकदाच भरून ठेवायची ही इथली रीत. घरखर्च कसा राखायचा याचा पहिला धडा मी त्या पोत्यापाशी शिकले.

आई ज्वारी घ्यायला जायची तेव्हा मला सोबत न्यायची. दुकानदारानं समोर ओतलेल्या दाण्यांकडं ती बघायचीसुद्धा नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढायची. तो दाणा दाताखाली फोडायची. कट्‌कन फुटला तर माल वाळलेला. दबला तर ओल राहिलेली, म्हणजे पावसाळ्याआधीच किडे पडणार. मग तळहातावर फुंकर मारून कोंडा किती उडतो ते बघायचं, दाणा मोत्यासारखा गोल आहे की चपटा ते बघायचं. “अण्णा, ह्यात काळे दाणे लई दिसायलेत,” ती म्हणायची. “अक्का, मंगळवेढ्याची हाय. दोन शेर घरी न्या, भाकरी करून बघा, मग पोतं उचला,” असं उत्तर यायचं. ती खरोखरच दोन शेर घरी न्यायची आणि भाकरी करून बघायची.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा मान फार जुना आहे. तिथल्या खोल काळ्या जमिनीत पावसाचं पाणी मुरून राहतं आणि त्या ओलीवरच रब्बीचं पीक येतं. वरून पाणी देण्याची सोय नसतानाही पोसणारं हे धान्य आहे. ज्या मालदांडीचं नाव घेऊन आज दुकानदार भाव सांगतात, तिचा ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आमच्याच जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. पुढच्या काळात कितीतरी नवे वाण आले, तरी भाकरीच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी शेतकऱ्यानं तिला सोडलं नाही. माणसाला दाणा आणि जनावराला वैरण एकाच ताटातून देणारं पीक दुष्काळी मुलखात किती मोलाचं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणलेली ज्वारी गच्चीवर कडक उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, निवू द्यायची, आणि मग पत्र्याच्या कोठीत थरावर थर देऊन कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत भरायची. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा. मिरची, हळद, चिंच यांचीही वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच. हंगामातला भाव आणि दिवाळीच्या तोंडचा भाव यांत जो फरक पडायचा, तो घरात राहायचा. शिवाय घरात धान्य आहे म्हटल्यावर महिनाअखेरीची धास्ती कमी व्हायची. वडील गिरणीत होते. पगार लांबला तरी भाकरी थांबणार नाही, एवढी खात्री त्या कोठीनं आम्हाला दिली.

पण ती खात्री विकत घ्यायला आधी हातात एकरकमी पैसे लागतात. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत ते नव्हते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांचा पगार आठवड्याचा. विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांमागं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाच्या पिढ्यांनी हे शहर विणलं, आणि त्यांच्या घरातल्या बायकांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत घरखर्चाला हातभार लावला. त्या घरांत सामान आठवड्याचं यायचं, कधी रोजचं. पाव किलो तेल, अर्धा किलो डाळ, दहा रुपयांची चहापूड. सुटं घेतलं की किलोमागं दर जास्त पडतो. उधारीवर घेतलं की दुकान बदलता येत नाही, आणि दुकान बदलता येत नाही म्हटल्यावर भावाबद्दल बोलताही येत नाही. ज्याच्याकडं पैसा कमी, त्याला तेच धान्य महाग पडतं. म्हणून “गरिबांनी काटकसर शिकावी” असं कुणी म्हटलं की मला त्या बायका आठवतात. त्यांना काटकसर शिकवण्याची कुणाची पात्रता आहे? त्यांच्याकडं उणीव होती ती एकाच गोष्टीची, एका वेळी पोतं उचलण्याइतक्या पैशांची. बचत गटातून उचल घेऊन फाल्गुनात ज्वारी भरणाऱ्या आणि वर्षभर हप्त्यानं फेडणाऱ्या बायका मी पुढं पाहिल्या, तेव्हा मला वाटलं, हा या शहरातला सगळ्यात शहाणा कर्जव्यवहार आहे.

धान्य घरात आलं की खरी कारागिरी सुरू होते. सोलापूरच्या स्वयंपाकाकडं बाहेरचा माणूस तिखट म्हणून बघतो. मला त्यात कमी साधनांत अन्न चवदार, पोटभरीचं आणि टिकाऊ करण्याचा कसून केलेला विचार दिसतो. येसराचंच घ्या. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे-जिरे आणि मसाले भाजून त्याचं पीठ करून ठेवायचं. आयत्या वेळी लसणाची फोडणी, काळं तिखट, पाणी आणि दोन-तीन चमचे येसर. उकळी आली की तूरडाळीचा दाणाही न घालता दाट, खमंग आमटी तयार. तूरडाळ परवडेनाशी झाली की येसर घर सांभाळतं. आणि लग्नाच्या पंगतीत हीच आमटी लोक वाट्यांवर वाट्या पितात. गरजेपोटी जन्मलेला पदार्थ पंगतीच्या मानाला पोचतो, यात त्याची चव सिद्ध होते.

हुलग्याचंही तसंच. हलक्या रानात येणारं हे कडधान्य. त्याच्या पिठाचं लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेलं माडगं पावसाळ्यात अंगात ऊब आणतं. त्याच पिठाची शेंगोळी वळून रश्श्यात शिजवली की वेगळी भाजी लागत नाही. ज्वारी भरडून केलेल्या कण्या मिठाच्या पाण्यात शिजवायच्या आणि ताकाबरोबर खायच्या. उन्हाळ्यात यापेक्षा पोटाला शांत असं मला काही माहीत नाही. मटकी भिजवून मोड आणले की मूठभराची वाटीभर होते आणि शिजायला इंधनही कमी लागतं. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, अंबाडीची ज्वारीच्या कण्या घालून केलेली भाजी, पावसाळ्यात बांधावर येणारी घोळ आणि तांदुळजा या भाज्यांना मंडईत कधी मोठा भाव नसतो, आणि जेवणात त्यांची जागा दुसऱ्या कशानं भरून निघत नाही. आमच्या शेजारच्या तेलुगू वहिनी अंबाडी चिंचेसारखी वापरायच्या, पलीकडच्या कानडी घरात तीच पानं डाळीत पडायची. एका गल्लीत तीन भाषांच्या चुली, आणि तिन्हींनी एकमेकींकडून स्वस्तात चव आणायच्या युक्त्या उचललेल्या.

शेंगदाण्याच्या चटणीशिवाय हे ताट पुरं होत नाही. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सोलायचे, आणि लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे. कुटता कुटता दाण्याचंच तेल सुटतं आणि चटणी हाताला ओलसर लागते, गोळा धरते. वरून तेल घालायचं काम नाही. मिक्सरमध्ये फिरवली तर बहुधा तिचा भुगा होतो, तेल तसं सुटत नाही. भाकरी, चटणी, दही आणि फोडलेला कांदा एवढ्यावर शेतात, मागावर आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाचं जेवण होत आलंय. धान्य, तेलबी आणि दूध एकत्र आलेलं हे ताट पोषणाच्या दृष्टीनंही हलकं नाही.

आणि कडक भाकरी. पातळ थापलेली भाकरी तव्यावर शेकायची, मग चुलीच्या कडेला उभी करून तिच्यातलं पाणी पुरतं घालवायचं. पापडासारखी कुरकुरीत झालेली ही भाकरी महिनोन्‌महिने टिकते. पंढरीची वारी, जत्रा, परगावी शिकायला गेलेला मुलगा, ऊस तोडायला निघालेलं कुटुंब, सगळ्यांच्या गाठोड्यात ती असायची. मोडून आमटीत भिजवा, दह्यात कुस्करा, नुसती चटणीबरोबर खा. उरलेल्या मऊ भाकरीचंही काही वाया जात नसे. सकाळी ती चुरून कांदा-मिरचीची फोडणी दिली की मुलं शाळेत जायला तयार. ताट धुताना त्यात दाणा दिसला तर आजीचा चेहरा बदलायचा. ती बोलायची नाही, पण आम्हाला कळायचं.

आजी मंगळवेढ्याच्या बाजूची. ज्या गावानं दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना खुली केल्याची कथा पाचशेहून अधिक वर्षं जपली, त्या परिसरातली. तिच्या स्वतःच्या आयुष्यातला दुष्काळ बाहत्तरचा. १९७० ते ७३ या काळात महाराष्ट्रात पावसानं लागोपाठ पाठ फिरवली, आणि सोलापूर होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. “त्याला विरीच नव्हती. थापायला घेतली की तुटायची,” ती सांगायची; विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तरी तिनं उकड काढून, पीठ जास्त मळून त्याच्या भाकऱ्या केल्या. त्या वर्षांनी महाराष्ट्राला रोजगार हमी दिली, तिचा कायदा १९७७ साली झाला. आजीला त्या वर्षांनी एक शिस्त दिली, ताटात पडलेलं संपवायचं. लोक तिला कंजूष म्हणत. पण दारात आलेला माणूस तिच्याकडून भाकरीशिवाय गेल्याचं मला आठवत नाही. कंजूष माणूस दुसऱ्याचं ताट मोजतो. आजी फक्त वाया जाणारं मोजायची.

आता चित्र बदललंय, आणि ते अशा तऱ्हेनं बदललंय की आजीला सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. ज्वारी महाग झाली. २०२४-२५च्या हंगामात मालदांडीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ३,४२१ रुपये होती, गव्हाची २,४२५. दुकानातल्या निवडक मालदांडीचा भाव त्याहूनही वर. कारणं आमच्या डोळ्यांसमोर घडली. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं आणि जिथं पाणी पोचलं तिथं ऊस उभा राहिला. ज्वारीची काढणी हातानं, वाकून करायची. त्या कामाला मजूर मिळेना. एकरी उतारा कमी, पाखरं राखायची तीही माणसानं. पेरा घटत गेला. दुसरीकडं गहू आणि तांदूळ रेशनवर येत राहिले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. या धान्यानं कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण परिणाम असा झाला की ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भाकरी होती तिथं आता पोळी-भात शिजतो, आणि भाकरी डॉक्टरांनी सांगितली म्हणून सुखवस्तू घरात होते. २०२३ हे जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्यांनी ते धान्य जपलं, त्यांच्या ताटापर्यंत ते परत कसं पोचेल, हा प्रश्न त्या वर्षानंतरही उरलाच आहे. रेशनच्या दुकानात नियमानं ज्वारी मिळाली, आणि ती याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून योग्य भावानं घेतली गेली, तर दोन्ही टोकं एकदम सांधली जातील.

दुसरा बदल घराच्या आतला. माणूस जितका गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली कामगारांच्या जमाखर्चावरून दाखवलं होतं. आपल्या देशाच्या २०२३-२४च्या कुटुंब उपभोग सर्वेक्षणात अन्नाचा वाटा गावात सुमारे ४७ टक्के आणि शहरात सुमारे ४० टक्के निघाला. त्यातलं आणखी एक वाटप मला विचारात पाडतं. शहरी घरात धान्यावर एकूण खर्चातले ४ टक्क्यांच्या आसपास जातात, आणि पेयं व तयार पदार्थांवर सुमारे ११ टक्के. म्हणजे आपण ज्वारीच्या भावावर घासाघीस करतो आणि रोजच्या पुड्यांकडं लक्ष देत नाही. सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी दुकानात लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा बघा. विडी वळणाऱ्या आईला भूक लागलेल्या मुलाच्या हातात पटकन काहीतरी द्यायचं असतं. तिला दोष देऊ नये. तिच्याकडं नाही तो वेळ. दहा रुपयांत ती पंधरा मिनिटं विकत घेते, आणि त्या पंधरा मिनिटांत तिच्या विड्या वळून होतात.

इथं मला घरच्या काटकसरीच्या मुळाशी असलेली गोष्ट दिसते. वाचलेला रुपया हवेतून येत नाही. तो कुठून आला ते विचारायला हवं. काही रुपये खरोखर जाणतेपणातून वाचतात: दाणा ओळखण्यातून, हंगाम साधण्यातून, उरलेलं कामी लावण्यातून. त्यात कुणाचं काही जात नाही. पण बाकीचे रुपये कुणीतरी दिलेले असतात. त्यातले काही घरातल्या बाईचे कष्ट देतात: ज्वारी निवडणं, वाळवणं, दळून आणणं (जुनं पीठ विरी जातं म्हणून थोडं थोडं, दर चार दिवसांनी), दाणे कुटणं, मोड आणणं, निवडायला किचकट अशा स्वस्त भाज्या निवडणं, रोज वीस-पंचवीस भाकऱ्या तव्यासमोर उभं राहून थापणं. मे महिन्यातल्या सोलापुरात, जिथं पारा सहज चाळिशी ओलांडतो, तिथं तव्यासमोरचा तो तास कसा असतो हे थापणारीलाच माहीत. २०२४च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ८८. आमच्या घरी वडिलांच्या पगारात महिना निभत होता असं आम्ही सगळे म्हणायचो. तो निभत होता आईच्या तासांवर. ते कुठल्याच वहीत लिहिले गेले नाहीत.

आणि काही रुपये शेतकरी देतो. सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी नावाजलेली. हिवाळ्यात तिथं गाड्यांच्या रांगा लागतात, कांदा पडत्या भावानं शहरभर फिरतो, आणि आम्ही गृहिणी पिशव्या भरभरून आणतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं इथं पाच क्विंटलांहून जास्त कांदा विकला. किलोला एक रुपया भाव, त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वजा झाल्यावर त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश आला. ही बातमी देशभर गेली. त्या आठवड्यात ज्या ज्या घरांत स्वस्त कांदा शिजला, त्या घरांची बचत त्या धनादेशातून आली होती. स्वस्त मिळालं तर घेऊ नये असं मी म्हणत नाही. पेचातल्या घराला तेवढाच आधार असतो. पण मंडईत संध्याकाळी खेड्यातल्या बाईकडून मेथीचा शेवटचा वाटा घेताना तिनं सांगितलेल्या दरातून पाच रुपये कापून घेणं मला काटकसर वाटत नाही. तिला शेवटची बस पकडायची असते, आणि आपल्याला ते माहीत असतं.

कडक भाकरीनं या हिशेबाची एक बाजू उजेडात आणली. सोलापूर आणि आजूबाजूच्या गावांत बचत गटांतल्या बायका आज कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकतात; पुण्या-मुंबईला, परदेशातल्या आपल्या लोकांपर्यंत त्या जातात. जो तास घरात शून्य रुपयांचा होता त्याला बाजारानं दर दिला. या भाकरीची किंमत ऐकून “एवढी महाग? घरी तर काहीच खर्च येत नाही” असं म्हणणारे भेटतात. खर्च येत होता. तो घरातली एक व्यक्ती न बोलता भरत होती. त्या दरात पहिल्यांदा ज्वारी, गॅस आणि मेहनत तिन्हींची नावं एकत्र लिहिली गेली, म्हणून तो दर मला योग्य वाटतो, आणि त्यात घासाघीस करू नये असं मी सगळ्यांना सांगते.

घरातल्या काटकसरीवर माझं मनापासून प्रेम आहे. अन्न वाया न घालवणं, हंगामाचं खाणं, जवळच्या रानात पिकणारं खाणं, कमीत चव आणणं, हे कुठल्याही श्रीमंतीत सोडू नये असं शहाणपण आहे. पैशाची ओढ नसली तरी ते पाळावं. पण त्याची वाटणी बदलायला हवी. आमच्या घरी मुलगा भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकऱ्या कडेला फाटल्या, मग पिठाला आधणाचं पाणी किती लागतं ते त्याच्या हाताला कळलं. डाळ-ज्वारी निवडणं रात्री सगळे मिळून बसून होतं. ज्वारी आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याकडून आधी ठरवलेल्या भावानं घेतो. बाजार पडला तरी तो भाव बदलत नाही, चढला तर तोही वाढवून मागत नाही. दोघांनाही वर्षाची बेगमी कळते. शाळेतही मुला-मुलींना एकत्र बसवून हा विषय शिकवावा: धान्य कसं ओळखायचं, महिन्याचं सामान कसं लिहायचं, कण्या कशा शिजवायच्या, भाजीचे देठ आमटीत कसे जातात. गणिताच्या तासाला किलोमागचा दर काढायला शिकवतोच की आपण. मग पाव किलोची पुडी आणि पोत्यातला भाव यांतला फरक मुलांना मांडायला सांगावा. तो का पडतो याची चर्चा वर्गात व्हावी.

कारण हे ज्ञान फार थोड्या हातांत उरलंय. येसर भाजताना कुठला जिन्नस आधी आणि कुठला मागून, हुलगे कितपत भाजायचे, विरी गेलेल्या पिठाची उकड कशी काढायची, हे लिहून ठेवलेलं नसतं. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात ते जातं. घरातल्या एकाच बाईवर सगळा भार टाकला तर तिच्या मुली त्या भारापासून लांब पळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तिच्यामागं माडगं, कण्या आणि येसरही जातील, उरतील दुकानातल्या माळा आणि महिनाअखेरीची ओढाताण. सोलापूरच्या चुलीनं दुष्काळात माणसं जगवली. ती विद्या टिकवायची असेल तर तिच्या कष्टात घरातल्या प्रत्येकानं आपला वाटा उचलायला हवा. वाचलेला रुपया मग घरातल्या सगळ्यांचा असेल, आणि धान्य पिकवणाऱ्याचं देणंही त्याच्यावर राहणार नाही.